काटा, दिवाणजी आणि माझी १९ एक्सेप्शन्स

"साहेब, तुमचं सॉफ्टवेअर गेलं."

गेलं म्हणजे कुठं गेलं हे मी आता विचारत नाही. पहिल्या वर्षी विचारायचो. सांगलीकडं एका अडत दुकानासाठी मी विंडोज फॉर्म्समध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर लिहून दिलेलं, हळद आणि गुळाचं काम, सी शार्प भाषा आणि एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस डेटाबेस, म्हणजे शेतकऱ्याचं नाव टाकायचं, पोती मोजायची, काट्यावरून वजन आपोआप यायचं, हमाली तोलाई वजा होऊन पट्टी छापून हातात. दिवाणजींच्या भाषेत सॉफ्टवेअरचे तीनच आजार: अडकलं, चुकलं आणि गेलं. अडकलं म्हणजे हँग, चुकलं म्हणजे बेरीज जुळत नाही. आणि गेलं म्हणजे स्क्रीनवरून खिडकीच गायब, काही मेसेज नाही, काही नाही, नुसतं डेस्कटॉपचं चित्र.

हे "गेलं" शोधायला मला जवळपास दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात एक्सेप्शनबद्दल (प्रोग्रॅम चालताना काही बिघडलं की तो फेकतो तो इशारा) जे काही डोक्यात शिरलं ते आधीच्या सहा वर्षांत शिरलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी माझा जुना कोड कसा होता ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो. प्रत्येक बटणाच्या क्लिकमध्ये ट्राय (हे करून बघ), खाली कॅच (बिघडलं तर इथं पकड), कॅचमध्ये मेसेज बॉक्स आणि त्यात एक्सेप्शनचा मेसेज जसाच्या तसा. म्हणजे बाहेर हमाल पोती उतरवतायत, शेतकरी पट्टीसाठी उभा आहे, आणि दिवाणजींसमोर इंग्रजीत येतंय की ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ऍन इन्स्टन्स ऑफ ऍन ऑब्जेक्ट. त्यांनी ओके दाबायचं, परत आलं की परत ओके, तिसऱ्यांदा आलं की मला फोन. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे ऑब्जेक्ट कुणाचं खातं आहे हो?" मी काय सांगणार.

काही ठिकाणी तर कॅच रिकामा, कारण डिलिव्हरीच्या आदल्या रात्री एरर येत होती आणि झोप पण येत होती.

मग कुठंतरी वाचलं की स्वतःची एक्सेप्शन बनवायची असतात, कस्टम, ती व्यावसायिक पद्धत. झालं. मी एका रविवारी बसलो आणि १९ क्लास, म्हणजे चुकीच्या प्रत्येक प्रकाराला एक साचा, बनवले. शेतकरी सापडला नाही त्याचं एक्सेप्शन, व्यापारी सापडला नाही त्याचं वेगळं, पोती शून्य असल्याचं, दर शून्य असल्याचं, दर ऋण असल्याचं, पट्टी सापडली नाही, पट्टी आधीच छापली, प्रिंटर नाही, प्रिंटरमध्ये कागद नाही (हे कळायची सोयच नव्हती माझ्याकडं, तरी क्लास बनवला). नावं पण देवनागरीत ठेवून बघितली, सी शार्पमध्ये ते चालतं, कंपाइलर काही तक्रार करत नाही, पण प्रत्येक कॅच लिहिताना कीबोर्ड मराठी करा परत इंग्रजी करा या नादात अर्धा दिवस गेला आणि मग गुपचूप इंग्रजीवर आलो. सगळे क्लास ऍप्लिकेशन-एक्सेप्शन नावाच्या क्लासवरून काढलेले, कारण डॉट नेटच्या (सी शार्प ज्याच्यावर चालतं ते मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क, तयार कोडचा संच) सुरुवातीच्या काळात, २००२ च्या आसपास, मायक्रोसॉफ्टचाच तसा सल्ला होता. पुढं त्यांनीच तो बदलला आणि सरळ मूळ एक्सेप्शन क्लासवरून काढा म्हणाले, कारण कल्पना अशी होती की आपली ती ऍप्लिकेशनची आणि त्यांची ती सिस्टिमची, पण त्यांच्या स्वतःच्याच फ्रेमवर्कमधली काही एक्सेप्शन्स ऍप्लिकेशनच्या घरात जाऊन बसली, मग त्या भिंतीला अर्थच राहिला नाही. जुनं पुस्तक घेऊन शिकलं की असं होतं.

तर १९ क्लास. आणि त्यांचे कॅच कसे? शेतकरी सापडला नाही, कॅच, मेसेज बॉक्स. दर शून्य, कॅच, मेसेज बॉक्स. पट्टी सापडली नाही, कॅच, मेसेज बॉक्स. एकोणीसच्या एकोणीस जागी तेच. म्हणजे मी काय केलं होतं तर एकाच कपड्याला १९ खिसे शिवले होते आणि सगळ्यांत तोच एक रुमाल.

आणि सॉफ्टवेअर जायचं ते जातच होतं.

आता काट्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या मागं आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या सिरियल वायरची, पिन असते, नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. काटा सतत वजन पाठवत राहतो, एक ओळ, परत एक ओळ. डॉट नेटमध्ये सिरियल पोर्ट नावाचा क्लास आहे, त्याला डेटा रिसीव्ह्ड नावाचं इव्हेंट (काही आलं की आपला कोड चालवणारी सूचना) आहे, मी त्यात लिहिलेलं की जे आलंय ते वाच, डेसिमलमध्ये (दशांश आकड्यात) बदल, टेक्स्टबॉक्समध्ये टाक. माझ्या टेबलावर सहा महिने चाललं हो. दुकानात मात्र सॉफ्टवेअर दिवसातून एकदा तरी जायचं, आणि सीझनला दोनदा तीनदा.

भानगड अशी. डेटा रिसीव्ह्ड हे इव्हेंट फॉर्मच्या, म्हणजे खिडकीच्या, थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांतल्या एका धाग्यावर) येत नाही, मागच्या दुसऱ्याच एका थ्रेडवर येतं. आणि मी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जो सगळ्यात शेवटचा झेल घेणारा फिल्डर उभा केला होता, ऍप्लिकेशनचं थ्रेड-एक्सेप्शन इव्हेंट, तो फक्त फॉर्मच्या थ्रेडवरचे झेल घेतो. मागच्या थ्रेडवर काही फुटलं आणि तिथंच कुणी पकडलं नाही तर डॉट नेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून, अख्खी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, मरते. त्याआधी १.१ मध्ये मागच्या थ्रेडवरची एक्सेप्शन गुपचूप गिळली जायची, ते आणखी वाईट होतं, पण निदान खिडकी राहायची. ऍप-डोमेनचं अनहँडल्ड-एक्सेप्शन नावाचं दुसरं इव्हेंट आहे, ते मागच्या थ्रेडसाठी पण येतं, पण त्यात तुम्ही फक्त शेवटची इच्छा लिहून ठेवू शकता, मरण टळत नाही. मी ते लावलंच नव्हतं, त्यामुळं लॉग, म्हणजे चुकांची नोंद, पण नाही. हीच ती गायब होणारी खिडकी.

फुटत काय होतं? काट्याची ओळ पूर्ण येईलच असं नाही. इव्हेंट आलं म्हणजे काहीतरी आलंय एवढंच, सगळं आलंय असं नाही. कधी नुसता पॉइंट आणि रिकामी जागा यायची, त्याचं डेसिमल होत नाही, फॉरमॅट-एक्सेप्शन, प्रोसेस खलास.

पण खरी भीती मला नंतर बसली, एका रात्री चहा पिताना. ०४८.५० अशी ओळ येतेय आणि मी तिचे पहिले दोनच आकडे वाचले, ०४, तर? त्याचं व्यवस्थित डेसिमल होतं! ४ किलो. एक्सेप्शन नाही, मेसेज नाही, काही नाही. ४८ किलोचं पोतं ४ किलोला लागणार. म्हणजे जी एक्सेप्शन मला त्रास देत होती ती उलट उपकार करत होती, आणि जिथं यायला पाहिजे होती तिथं येतच नव्हती. (दिवाणजी प्रत्येक वजन डोळ्यानं काट्याशी ताडून मगच एंटर मारायचे म्हणून वाचलो. ते सॉफ्टवेअरवर कधीच विश्वास ठेवायचे नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं.)

कस्टम एक्सेप्शन कशासाठी असते ते मला तिथं कळलं. फ्रेमवर्कला हळदीचं पोतं माहीत नाही. ४ हा आकडा त्याच्या दृष्टीनं उत्तम आकडा आहे. ओळ अर्धी आहे, वजन स्थिर नाही, ही चूक आहे हे फक्त मला माहितीये, म्हणून ती फेकायची पण मीच.

मग काट्याचं वाचन सगळं नव्यानं लिहिलं. ते इव्हेंटच काढून टाकलं. मागच्या टास्कमध्ये (बाजूला चालणाऱ्या कामात) पूर्ण ओळ वाचायची, ओळ कशानं संपते ते काट्याच्या माहितीपत्रकात बघून पोर्टला सांगायचं, आणि रीड टाइमआउट दोन सेकंद, कारण तो स्वतःहून ठरवला नाही तर डिफॉल्ट अनंत काळ वाट बघतो, मग "गेलं" च्या ऐवजी "अडकलं" चा फोन येतो. दोन सेकंदात ओळ नाही आली की टाइमआउट-एक्सेप्शन येते, कन्व्हर्टर उपटलेला असेल तर आयओ-एक्सेप्शन, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं पोर्ट धरून ठेवलं असेल तर उघडतानाच अनऑथोराइज्ड-ऍक्सेस. तीन वेगळी नावं, पण दिवाणजींनी करायचं काम एकच, मागची वायर बघा, नाहीतर वजन हातानं टाका. म्हणून त्या तिन्ही पकडून एकच काटा-एक्सेप्शन फेकायची, आत इनर एक्सेप्शन म्हणून मूळची ठेवायची, आणि बरोबर दोन गोष्टी जोडायच्या: पोर्टचं नाव आणि काट्याकडून शेवटची आलेली कच्ची ओळ. ती कच्ची ओळ किती कामाला आली काय सांगू, एकदा काट्यावाल्यानं सर्व्हिसिंगला येऊन सेटिंग बदललं आणि वजनापुढं एक जादाचं अक्षर यायला लागलं, लॉग बघून मला सांगलीला न जाता फोनवरच कळलं.

टास्कमध्ये फेकलेली ही एक्सेप्शन अवेट केलं (टास्क संपायची वाट बघितली) की फॉर्मच्या थ्रेडवर परत बाहेर येते, तिथं तिला पकडता येतं. हे फार सुखाचं आहे, आधी मागच्या थ्रेडवरून फॉर्मला निरोप द्यायला इन्व्होकच्या कोलांट्या माराव्या लागायच्या. फक्त अवेट करायचं विसरायचं नाही, नाहीतर टास्कमधली एक्सेप्शन टास्कमध्येच कुजते.

आता त्या १९ चं काय केलं. एक कागद घेतला आणि प्रत्येकासमोर लिहिलं की हे झालं तर स्क्रीनवर बसलेला माणूस काय करणार किंवा कोड वेगळं काय करणार. ज्याच्यासमोर नवीन काही लिहिता आलं नाही तो क्लास डिलीट. उरले तीन. पहिलं काट्याचं, वर सांगितलं ते. दुसरं नियम मोडल्याचं, म्हणजे उदाहरणार्थ दिवसाचा हिशोब बंद झाल्यावर कालची पट्टी बदलायला गेलात, किंवा पट्टी छापून दिल्यावर दर बदलताय, इथं फॉर्म तसाच उघडा राहिला पाहिजे, टाइप केलेलं पुसलं नाही पाहिजे आणि कर्सर बरोबर त्या रकान्यात गेला पाहिजे, म्हणून त्या एक्सेप्शनमध्ये रकान्याचं नाव असतं. तिसरं डेटाबेसपर्यंत पोचता येत नाही, इथं "परत प्रयत्न करा" बटण.

दर शून्य, पोती शून्य वगैरेला तर एक्सेप्शन लागतच नव्हतं. माणूस रोज चुकणार, ती घटना अपवाद कसली? ते आधीच तपासायचं, ट्राय-पार्स आहे (मजकुराचा आकडा होतो का ते एक्सेप्शन न फेकता सांगणारं), लाल खूण करायची, संपलं. यातली एक गंमत आपल्या लोकांना सांगितलीच पाहिजे. रकान्यात फक्त आकडे आहेत का हे मी प्रत्येक अक्षराला इज-डिजिट विचारून तपासायचो. दिवाणजींचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि त्यांनी ४८ हे देवनागरीत टाइप केलं. इज-डिजिट म्हणतं हो, आकडाच आहे, कारण युनिकोडच्या हिशोबानं देवनागरी ४ हा आकडाच आहे. आणि पुढच्याच ओळीत पार्स म्हणतं मला नाही ओळखत, फॉरमॅट-एक्सेप्शन, कारण त्याला फक्त इंग्रजी आकडे चालतात. एकाच फ्रेमवर्कमधले दोन भाऊ, एकाला मराठी कळतं एकाला नाही. मी हैदराबादच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला तेलुगूतही तसंच. उपाय सोपा, प्रत्येक देवनागरी आकडा आधी इंग्रजीत बदलून घ्यायचा आणि मग ट्राय-पार्स, दहा ओळींचं काम.

डेटाबेसचं थोडं सांगतो. एसक्यूएल-एक्सेप्शन एकच असते पण तिच्या पोटात नंबर असतो आणि सगळी माहिती त्या नंबरात. २६२७ आणि २६०१ म्हणजे तीच किल्ली (नोंदीची एकमेव ओळख) दुसऱ्यांदा, ५४७ म्हणजे दुसऱ्या टेबलाशी नातं तुटतंय (शेतकरी डिलीट करायला गेलात पण त्याच्या पट्ट्या आहेत), १२०५ म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसली), उणे २ म्हणजे टाइमआउट. मेसेजचा मजकूर शोधून निर्णय घेणारा कोड मी दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये बघितलाय, मेसेजमध्ये डुप्लिकेट हा शब्द आहे का वगैरे, तसं करू नका, नंबर बघा. सी शार्प ६ पासून, २०१५ पासून, कॅचपुढं व्हेन लिहून अट घालता येते, म्हणजे नंबर २६२७ असेल तरच पकड नाहीतर जाऊ दे वर. मला ही सोय फार आवडते. आधी पकडून आत इफ लावून परत फेकावं लागायचं, आणि परत फेकताना मी हमखास घोळ घालायचो.

तो घोळ म्हणजे नुसतं थ्रो लिहायच्या ऐवजी थ्रो आणि पुढं एक्सेप्शनच्या व्हेरिएबलचं नाव लिहिणं. दिसायला सारखंच. पण दुसऱ्या प्रकारात स्टॅक ट्रेस (चूक कुठून कुठं आली त्याचा माग) तिथून नव्यानं सुरू होतो, म्हणजे चोरी कोठारात झाली आणि पंचनामा दारात. माझ्या अर्ध्या लॉगमध्ये सगळ्या चुका एकाच फंक्शनमध्ये झालेल्या दिसायच्या, ते फंक्शन बिचारं फक्त पकडून पुढं देत होतं. स्वतःच्या क्लासमध्ये गुंडाळताना पण तेच, इनर एक्सेप्शन द्यायला विसरलात की मूळ गुन्हेगार सुटला. माझ्या १९ पैकी ११ क्लासना इनर घेणारा कन्स्ट्रक्टरच (क्लासमधून वस्तू घडवणारा कोड) नव्हता! नेहमीचे तीन कन्स्ट्रक्टर, रिकामा, मजकूरवाला आणि मजकूर अधिक इनरवाला, एवढे तरी लिहाच. जुन्या कोडमध्ये सिरियलायझेशनचा (एक्सेप्शन साठवता, पाठवता येईल असं करण्याचा) चौथा पण दिसेल, डॉट नेट ८ मध्ये त्याच्यावर कालबाह्य म्हणून वॉर्निंग येते, नव्या क्लासमध्ये घालू नका.

आणखी एक केलं. तिन्ही क्लासना एकच बाप दिला, आणि बापाकडं मेसेजशिवाय एक वेगळी प्रॉपर्टी, दाखवायचा मजकूर. मेसेज इंग्रजीत, लॉगसाठी, माझ्यासाठी. दाखवायचा मजकूर मराठीत, दिवाणजींसाठी. हा मजकूर मी त्यांच्याबरोबर बसून लिहिला. मी लिहिलं होतं, "वजनयंत्राशी संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही." ते म्हणाले, "हे कुणाला कळायचं? काटा बोलत नाही, असं लिहा." मग तेच लिहिलं: काटा बोलत नाही. मागची वायर बघा, नाहीतर वजन हातानं टाका.

उरली ती अनोळखी, म्हणजे माझ्या स्वतःच्या चुका. विंडोज फॉर्म्सचा आपला एक डीफॉल्ट डायलॉग असतो, त्यात कंटिन्यू आणि क्विट अशी बटणं. कंटिन्यू कोण नाही दाबणार? पण आत काय फुटलंय माहीत नसताना पुढं चालू ठेवणं म्हणजे ब्रेक फेल झालेली गाडी कात्रजच्या घाटात काढणं, अर्धी पट्टी सेव्ह झालेली, टोटल जुन्या शेतकऱ्याची. म्हणून आता अनोळखी एक्सेप्शन आली की लॉग लिहायचा, स्क्रीनवरची पट्टी कच्ची म्हणून बाजूला फाइलमध्ये ठेवायची, मराठीत सांगायचं आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा, उघडल्यावर कच्ची पट्टी समोर. हे सगळं छान जमलं आणि पहिल्याच दिवशी दुकानात लॉगच नाही. का, तर मी फाइल प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहीत होतो, दिवाणजींचा युजर ऍडमिन नाही, लिहायला परवानगी नाही, म्हणजे एक्सेप्शनचा लॉग लिहिताना परत एक्सेप्शन. त्या युजरच्या लोकल ऍप डेटा फोल्डरमध्ये लिहायचा असतो तो. हँडलरच्या (शेवटी एक्सेप्शन पकडणाऱ्या कोडच्या) आत काहीही लिहिताना त्याच्याभोवती स्वतंत्र ट्राय-कॅच लावा, रिकामा कॅच चालणारी आयुष्यातली ती एकमेव जागा.

ट्रान्झॅक्शन (सगळं सेव्ह होईल नाहीतर काहीच नाही) लावल्यावर एक नवीन फोन आला, ते जाता जाता सांगतो. "साहेब, ४१२ नंबरची पट्टी कुठं गेली? ४११ नंतर ४१३ आहे." एक्सेप्शन आली, रोलबॅक झाला, डेटा मागं गेला पण एसक्यूएल सर्व्हरचा आपोआप वाढणारा आयडेंटिटी नंबर मागं जात नाही, तो खर्च झाला तो झाला. मला वाटलं क्षुल्लक आहे, पण ऑडिटला पट्टी पुस्तकातला एक नंबर गायब म्हणजे काय हे दिवाणजींनी मला दहा मिनिटं समजावलं. शेवटी पट्टी नंबर आयडेंटिटीवरून काढून वेगळ्या टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत द्यायला लागलो, थोडं हळू होतं पण दिवसाला दोनशे पट्ट्यांना काय फरक पडतो.

परवा पाडव्याच्या आधी परत फोन. माझ्या पोटात गोळा, सीझन, सकाळचे अकरा. म्हटलं, "गेलं का काका?"

"नाही हो. ते म्हणतंय काटा बोलत नाही. वायर उंदरानं खाल्लीय. नवीन कुठं मिळंल तेवढं सांगा, तोपर्यंत पोरगा हातानं टाकतोय."